अर्नाळकरांचे ऋण

ज्या लेखकाने असंख्य मराठी माणसांच्या हाती पहिले पुस्तक दिले, त्याला वाङ्मयाच्या इतिहासात जेमतेम दोन ओळींची जागा मिळावी, हा आपल्या साहित्यिक सोवळेपणाचाच पुरावा होय. बाबूराव अर्नाळकर हे ते लेखक.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०६ चा, निधन १९९६ चे. मुंबईत चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्यापूर्वी गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठीत आणून अद्‌भुताची वाट पाडली होती. अर्नाळकरांनी ती वाट सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत नेली. स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठ, एका बैठकीत संपणारी छोटी पुस्तिका आणि भाडे घेऊन पुस्तके देणारी गल्लीतली वाचनालये, यांच्या बळावर त्यांची कथा घरोघर पोहोचली.

छोटूला सोबत घेऊन गुन्ह्याचा माग काढणारा धनंजय हा कायद्याच्या बाजूचा. झुंजार आणि काळापहाड मात्र कायद्याची चौकट ओलांडून दुर्जनांना धडा शिकविणारे. युद्धकाळातील टंचाई व काळाबाजार सोसलेल्या वाचकाला या नायकांत न्यायाचा दिलासा सापडला असल्यास नवल ते काय? या लेखनात घाई होती, पुनरावृत्ती होती, इंग्रजी साहसकथांची उसनवारीही होती, हे मान्यच करावे लागेल. परंतु वाचनाची भूक जागविणे हे सामान्य कार्य नव्हे. पुढे गुरुनाथ नाईक यांच्यासारख्या लेखकांना तयार वाचकवर्ग लाभला, तो याच मशागतीमुळे.

त्यांच्या काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, ही समाधानाची गोष्ट. पण बहुसंख्य पुस्तिका रद्दीच्या वाटेने गेल्या. जुन्या कागदाचे मोल खानदेशाला तरी वेगळे सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव वणवण करून दुर्लक्षित दप्तरे गोळा केली. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर तो संग्रह जपण्यासाठी याच शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. उद्याच्या इतिहासकाराला गेल्या शतकातील सामान्य माणूस काय वाचीत होता हे जाणावयाचे झाल्यास, या पुस्तिका दप्तरांइतक्याच मोलाच्या ठरतील.

पांझरेपलीकडे देवपुरात एखाद्या माळ्यावर झुंजारची फाटकी प्रत अजून धूळ खात पडली असेल. ती रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाकडे सोपवावी, आणि ग्रंथालयानेही नाक न मुरडता ती स्वीकारावी. ऋण फेडण्याचा एवढा मार्ग तरी अद्याप खुला आहे.