मेलेली पात्रे पुन्हा उभी करणारा नाटककार

असंगत नाट्य म्हटले की नाट्यप्रेमी वाचकांना पॅरिसच्या रंगभूमीवरील बेकेट व आयोनेस्को आठवतात. परंतु त्यांच्या जवळजवळ तीस वर्षे आधी पोलंडमध्ये एक मनुष्य याच वाटेने एकटा चालून गेला होता. त्याचे नाव स्तानिस्लाव इग्नात्सी व्हिटकेविच. वडिलांचे नावही स्तानिस्लावच. तेव्हा घोटाळा टळावा म्हणून त्याने आडनाव व मधले नाव जोडून ‘व्हिटकात्सी’ हे नाव धारण केले.

त्याचा जन्म १८८५ साली वॉर्सा येथे झाला. बालपण तात्रा पर्वताच्या कुशीतील झाकोपाने गावी गेले. वडील चित्रकार व कलासमीक्षक. शाळेत मुलाची प्रतिभा मारली जाते, अशी त्यांची ठाम समजूत. म्हणून शिक्षण घरीच झाले. आठव्या वर्षीच मुलगा लहान लहान नाटके लिहू लागला.

१९१४ साली त्याच्या नियोजित वधूने आत्महत्या केली. खचलेल्या व्हिटकात्सीला त्याचा बालमित्र, मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की, सिलोनमार्गे ऑस्ट्रेलियाला घेऊन गेला. इतक्यात महायुद्ध पेटले. व्हिटकात्सी परतला, झारच्या सैन्यात अधिकारी झाला, १९१६ मध्ये जखमी झाला व १९१७ ची क्रांती त्याने डोळ्यांनी पाहिली. एक जग कोसळताना पाहिलेला हा मनुष्य १९१८ मध्ये मायदेशी आला व झपाटल्यासारखा नाटके लिहू लागला.

रंगभूमीने जीवनाची नक्कल करू नये, असे त्याचे मत होते. चित्रात रंग व आकार, तसे नाटकात शब्द, हालचाल व प्रसंग. त्यांच्या रचनेतून अस्तित्वाचे गूढ प्रेक्षकाला जाणवावे. या सिद्धांताला त्याने ‘शुद्ध रूप’ म्हटले. ‘पाणकोंबडी’त गोळी घातलेली नायिका पुन्हा येते; ‘वेडा आणि जोगीण’मध्ये गळफास घेतलेला कवी धडधाकट परत येतो. त्या काळी बहुतेक समीक्षकांनी हे वेड्याचे चाळे ठरविले. पोटासाठी त्याने व्यक्तिचित्रे काढण्याची ‘पेढी’ थाटली. तिच्या छापील नियमांत गिऱ्हाइकाने चित्रावर टीका करण्यास सक्त मनाई होती!

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली. तो पूर्वेकडे निघाला. १७ तारखेला तिकडूनही सोव्हिएट फौजा आत शिरल्याची वार्ता आली. दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या जीवनाचा अंत केला.

पुढे मात्र त्याच्याच पात्रांसारखे घडले. १९५६ मध्ये ताडेऊश कांटोरने क्राकोव्ह येथे आपल्या ‘क्रिको-२’ या नाट्यसंस्थेचा आरंभ त्याच्या नाटकाने केला. ‘चांभार’ हे नाटक १९५७ मध्ये सोपोत येथे रंगभूमीवर आले व पहिल्याच प्रयोगानंतर बंद पाडण्यात आले. क्रांती करणाऱ्यांचीच त्यात झालेली गत राज्यकर्त्यांना झोंबली असल्यास नवल नाही. आज ही नाटके बसविणाऱ्या दिग्दर्शकापुढे खरी अडचण हशा मिळविण्याची नाही. तो सहज मिळतो. त्या हशाखालची धास्ती प्रेक्षकांपर्यंत पोचविणे अवघड. नट स्वतःच विदूषकी करू लागला की ती हरवते. त्याने वेडेवाकडे वाक्यही गंभीरपणे उच्चारले की ती अंगावर येते.

१९८८ साली त्याचे अवशेष म्हणून एक शवपेटी झाकोपानेला आणून समारंभपूर्वक पुरण्यात आली. १९९४ मध्ये ती उघडून तपासली, तेव्हा आतील हाडे एका तरुण स्त्रीची निघाली. पात्रांना मरणातून परत आणणारा नाटककार स्वतः मात्र गावी परतलाच नाही. त्याला भेटायचे, तर नाट्यगृहातच जावे लागते.