जॉन हॅरिसन

जहाज पश्चिमेस चालूं लागलें कीं दर १५ रेखांशांस घड्याळ एक तास मागें घ्यावें लागतें. म्हणूनच स्वदेशाची खरी वेळ जवळ असल्यास आपला रेखांश काढतां येतो. परंतु समुद्रावर अचूक चालणारें घड्याळच पूर्वीं नव्हतें. रेखांश शोधण्यासाठीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें १७१४ सालीं २०,००० पौंडांचें बक्षीस लाविलें. सुताराच्या पोटीं जन्मलेल्या हॅरिसननें (१६९३–१७७६) तें मनावर घेतलें. पहिलीं तीन अवजड यंत्रें त्याच्याच पसंतीस उतरलीं नाहींत; चौथें तळहाताएवढें घड्याळ मात्र १७६१ सालच्या जमेकाच्या सफरींत, ठरलेली दैनिक चूक वजा जातां, ८१ दिवसांत अवघे ५ सेकंद मागें पडलें. तरीही परीक्षक मंडळ पूर्ण रक्कम देईना. हा हट्ट आम्हांस अन्यायाचाच वाटतो. अखेर राजा तिसरा जॉर्ज ह्यानें बाजू घेतली, तेव्हां १७७३ सालीं ऐंशीं वर्षांच्या ह्या कारागिरास पार्लमेंटनें ८,७५० पौंड दिले. त्या वेळीं त्याच घड्याळाची नक्कल कॅप्टन कुकबरोबर दक्षिण समुद्रांत फिरत होती.