टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर

टेंभू हे नाव आज आपल्या भागात पाण्यामुळे सर्वांच्या तोंडी आहे. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांकडे नेणारी योजना त्याच गावाच्या नावाने ओळखली जाते. परंतु हे पाणी येण्याच्या कितीतरी आधी, १४ जुलै १८५६ रोजी, त्याच टेंभू गावी एक मूल जन्मास आले. आपण बायका आज चार अक्षरे वाचतो, चारचौघींत उभ्या राहून बोलतो, त्यामागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांत या मुलाचे नाव फार वरचे आहे. ते म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

आपल्या मंडळात काही भगिनी साताऱ्याकडच्या आहेत, काही सांगलीकडच्या. कृष्णाकाठचा हा पुष्कळसा मुलूख पूर्वी एकाच सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा आगरकरांना आपले म्हणण्याचा हक्क दोन्हीकडच्या भगिनींना सारखाच आहे. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी मी त्यांचे चरित्र निवडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचा आव न आणता, जे वाचले व समजले ते साध्या शब्दांत सांगते.

घरची अतिशय गरिबी. गोपाळचे बालपण कऱ्हाडास आजोळी गेले. तिथे जेवढे शिक्षण मिळण्यासारखे होते तेवढे झाले आणि पुढे वाट खुंटली. लहान वयात कचेरीत काम करावे लागले. पण शिकण्याची ओढ स्वस्थ बसू देईना. शिकायला मिळेल या आशेने तो मुलगा रत्नागिरीस गेला. तिथे जम बसला नाही म्हणून परत आला, आणि मग नातलगांच्या आश्रयाने दूर वऱ्हाडात अकोल्यास गेला. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उतरून गोपाळराव पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी वाळला की घालायचा, अशी त्यांची तेव्हाची स्थिती सांगतात. १८७७ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी यशोदाबाई उंब्रजच्या फडके घराण्यातील, म्हणजे त्याही आपल्याच मुलखातल्या.

या कॉलेजात त्यांना दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे बाळ गंगाधर टिळकांची मैत्री, आणि दुसरी म्हणजे इंग्लंडातील त्या काळच्या विचारवंतांचे ग्रंथ. व्हिक्टोरिया राणीच्या त्या काळात खुद्द इंग्लंडातही बायकांच्या शिक्षणाविषयी एकमत नव्हते. जॉन रस्किन हे चित्रकला, शिल्प आणि सृष्टिसौंदर्य यांवर फार सुंदर लिहिणारे गृहस्थ. मुलींनी शिकावे असे त्यांनाही वाटे, पण नवऱ्याच्या कामात व आवडीत रस घेता येईल इतपतच, असे त्यांचे १८६५ सालच्या पुस्तकातले मत होते. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६१ साली शिक्षणावर पुस्तक लिहिले. प्रकृती सांभाळणे, पोट भरणे, मुले नीट वाढवणे, नागरिक म्हणून वागणे, हे शिक्षण आधी; कलाकुसर आणि शोभेचे शिक्षण त्यानंतर, असा क्रम त्यांनी लावून दिला. जॉन स्टुअर्ट मिल तर याहून पुढे गेले. बाईला बुद्धी चालवायची संधीच दिली नाही, तर तिची बुद्धी कमी आहे हे ठरवायचे कशावरून, असा त्यांचा सवाल होता. १८६७ साली त्यांनी बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तिथल्या पार्लमेंटात सूचना मांडली. ती फेटाळली गेली. दोन वर्षांनी त्यांनी बायकांच्या पारतंत्र्यावर ग्रंथच लिहिला.

आगरकरांच्या मनाने मिल आणि स्पेन्सर यांची वाट धरली. पण परक्या ग्रंथांतले विचार पाठ करून ते थांबले नाहीत. ते विचार त्यांनी आपल्या घरांना, आपल्या माजघराला लावून पाहिले. त्यांचे मोठेपण मला यातच दिसते.

एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारात मोठी नोकरी सहज मिळे. कऱ्हाडात आई त्याच आशेवर होती. परंतु मुलाने तिला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराची आशा करू नये. पोटापुरते मिळवून बाकीचा सर्व वेळ आपण लोकांसाठी घालवणार. ज्या आईने दारिद्र्यात दिवस काढले, तिने ते पत्र कसे वाचले असेल, हे आपल्यापैकी प्रत्येकीने मनात आणून पाहावे. देशसेवकांच्या चरित्रात त्यांच्या घरातल्या बायकांचा त्याग लिहिला जात नाही; तो आपण ओळखायचा असतो.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्या वर्षी आगरकर तिथे शिक्षक झाले. १८८१ च्या जानेवारीत केसरी पत्र निघाले, त्याचे संपादक आगरकर होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. सांगलीकडच्या भगिनींना मुद्दाम सांगते, की विश्रामबागेतले विलिंग्डन कॉलेज १९१९ साली याच सोसायटीने काढले. आपल्या घरांतल्या किती मुली तिथे शिकून गेल्या! तेव्हा आगरकरांनी लावलेल्या झाडाची सावली आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे.

मधल्या काळात तुरुंगवासही झाला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे असे लिहिल्याबद्दल तिथल्या कारभाऱ्यांनी फिर्याद केली. पुरावा म्हणून छापलेली पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांची हकिगत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

दोघे मित्र एका कोठडीत राहिले, पण त्यांची मते मात्र दोन दिशांना चालली होती. आधी स्वराज्य मिळवू, घरातल्या सुधारणा सावकाश होतील, असे टिळकांना वाटे. आगरकरांना वाटे, घरातली बाई दास्यात ठेवून देश मोकळा कसा होणार? सरकारने कायदा करून वाईट चाली बंद कराव्यात की नाही, यावरही वाद झाला. शेवटी १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचे सुधारक हे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागासाठी आरंभी गोपाळ कृष्ण गोखले यांचे साहाय्य होते.

सुधारकातून त्यांनी जे लिहिले ते बहुतेक आपल्याच संबंधाने होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने थांबवावीत. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र बसवून द्यावे. बाईला स्वतःचे पोट भरता येईल असे शिक्षण मिळावे. हे सर्व त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला आणि मुलींच्या बाबतीत वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे केली. दहाची बारा! एवढ्यावर केवढे काहूर माजले. आगरकर त्या कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

बायकांच्या पोशाखाविषयीही त्यांनी लिहिले. चोळीऐवजी अंगभर जाकीट घालावे असे त्यांचे म्हणणे होते. आज हे वाचून हसू येईल, कारण आपण सगळ्या पोलकी नि ब्लाऊज घालतो. पण त्या वेळी एवढे सांगणेही धाडसाचे होते.

सर्वांत पोटतिडकीने ते लिहीत विधवांच्या केशवपनाविषयी. ब्राह्मणांत आणि काही वरच्या जातींत नवरा मेला की बाईचे केस काढीत. मग ती बारा वर्षांची पोर का असेना. देवाने दिलेले रूप हिरावून तिला कोपऱ्यात बसवीत. बायको मेलेला पुरुष मात्र वर्षाच्या आत बोहल्यावर चढे. जो नियम पुरुषाला नाही तो बाईलाच का, हा आगरकरांचा साधा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कुणाजवळ नव्हते. विधवांच्या दुःखाला वाचा फोडणारे ते पहिलेच होते असे नाही. त्यांच्या आधी जोतीराव फुले आणि आपल्या खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाई यांनी या कामाला हात घातला होता.

उत्तर नसले की माणसे चिडतात. विरोधकांनी आगरकरांची, ते जिवंत असताना, प्रेतयात्रा काढली. आपलीच तिरडी आपल्या डोळ्यांनी पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. घरात यशोदाबाई होत्या, लहान मुले होती. त्यांना काय वाटले असेल! यशोदाबाई देवाधर्माच्या, व्रतवैकल्ये करणाऱ्या. आगरकरांचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हता, तरी पत्नीच्या पूजेअर्चेच्या आड ते आले नाहीत. बाईला तिचे मन असते असे लिहिणारा माणूस घरातही तसेच वागला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

दम्याचा विकार त्यांना जडलेला होता. १८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपल झाले. कॉलेज, पत्र आणि दुखणे, तिन्ही एकदम चालू होते. १७ जून १८९५ रोजी, वयाला चाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी देह ठेवला. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते असे सांगतात.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला होता. त्यांनीच पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि त्यातून बायकांच्या शिक्षणाचा केवढा वटवृक्ष वाढला हे सर्वश्रुत आहे.

भगिनींनो, केशवपन गेले. पण त्याची सावली गेली का? आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी असेच करावे असे परिपत्रक काढले. म्हणजे २०२२ सालापर्यंत असा ठराव करण्याची गरज उरली होती.

आपल्या मंडळातही ज्यांचे यजमान गेले अशा भगिनी आहेत. वर्गणी गोळा करण्यात, भजनात, सहलीच्या डब्यांत त्या सर्वांच्या पुढे असतात. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या येत नाहीत, आणि आपण बोलावतही नाही. त्यांनाच यायचे नसते असे आपण म्हणतो. पण विचारून पाहिले आहे का कुणी? आगरकर असते तर हळदीकुंकूच कशाला, असा त्यांनी वाद घातला असता. तेवढे आपल्याला जमणार नाही. परंतु येत्या संक्रांतीला तिळगूळ, वाण आणि कुंकू सर्व भगिनींना सारखे द्यावे, आणि ज्यांना आजवर बोलावले नाही त्यांच्या घरी आपण जोडीजोडीने आधी जाऊन आमंत्रण करावे, एवढी माझी विनंती आहे. कुंकू लावून घ्यायचे की नाही हे ज्यांचे त्यांनी ठरवावे. ठरवण्याचा हक्क मात्र त्यांचा असावा.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. टेंभूच्या गोपाळरावांना आपल्या मंडळाचे तेच खरे अभिवादन होईल.