जिथला दगड तिथेच!

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बेअर रन नावाच्या ओढ्यावर, धबधब्याच्या अगदी माथ्यावर एक बंगला उभा आहे. त्याच्या भिंतींचा वालुकाश्म जवळच्याच खाणीतून काढलेला आहे. ‘फॉलिंगवॉटर’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूचा आराखडा १९३५ मध्ये तयार झाला, तेव्हा तिचे शिल्पकार फ्रँक लॉईड राइट ६८ वर्षांचे होते आणि त्यांची कारकीर्द संपली, असे व्यवसायातील अनेकांनी गृहीत धरले होते.

राइट यांचा जन्म ८ जून १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील रिचलंड सेंटर येथे झाला. आईचे घराणे वेल्समधून येऊन स्प्रिंग ग्रीनजवळच्या खोऱ्यात शेती करीत होते. मामाच्या शेतावर राबण्यात त्यांच्या बालपणीचे अनेक उन्हाळे गेले. टेकड्यांच्या कडांतून डोकावणारे चुनखडीचे आडवे थर त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी शिकागो गाठले. लुई सलिव्हन यांच्या हाताखाली ते घडले आणि १८९३ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. जमिनीला समांतर पसरलेली, लांबरुंद छपरांची त्यांची ‘प्रेअरी’ घरे लवकरच नावाजली गेली.

मात्र १९०९ मध्ये पत्नी आणि सहा मुलांना मागे ठेवून, एका ग्राहकाची पत्नी असलेल्या मेमा चेनी यांच्यासह ते युरोपला निघून गेले. शिकागोच्या प्रतिष्ठित समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. परतल्यावर १९११ मध्ये त्यांनी आजोळच्या खोऱ्यात ‘टॅलिएसिन’ हे आपले घर बांधले. या वेल्श नावाचा अर्थ तेजस्वी भाळ. घरही टेकडीच्या शिखरावर नव्हे, तर तिच्या भाळावर वसविलेले होते. शेजारच्या खाणीतील चुनखडीचा दगड थरांवर थर रचून, जसा निसर्गात असतो तसाच भिंतींत बसविला गेला. गिलाव्याची वाळूही विस्कॉन्सिन नदीचीच होती.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी, राइट शिकागोत असताना, घरातील एका नोकराने टॅलिएसिनला आग लावली आणि कुऱ्हाडीने हल्ला केला. मेमा व त्यांची दोन मुले यांच्यासह सात जणांचा बळी गेला. राहता भाग भस्मसात झाला. एखाद्याने ती जागाच सोडली असती. राइट यांनी तिथेच पुन्हा घर उभारले. १९२५ मध्ये ते दुसऱ्यांदा जळाले. तेव्हा आगीत करपलेले, तडकलेले दगडही त्यांनी नव्या भिंतींत बसविले. पुढे कर्जापायी घर बँकेच्या ताब्यात गेले आणि मित्रांनी एकत्र येऊन ते सोडवले. मंदीच्या काळात कामे जवळपास थांबली. अखेर १९३२ मध्ये राइट आणि त्यांची पत्नी ऑल्गिव्हाना यांनी तिथेच शिष्यांसाठी निवासी शाळा काढली.

याच शाळेत आलेल्या एडगर कॉफमन या तरुणाचे वडील पिट्सबर्गमधील मोठ्या दुकानाचे मालक होते. सुटी घालविण्यासाठी धबधबा समोर दिसेल असे घर त्यांना हवे होते. राइट यांनी घर थेट धबधब्यावरच बेतले. ज्या खडकावर कॉफमन कुटुंब ऊन खात बसे, तो जागेवरच ठेवून त्याची शेकोटी केली. भिंतींतील काही दगड मुद्दाम पुढे काढले, त्यामुळे भिंत आणि शेजारचा कडा यांचे नाते चटकन डोळ्यांत भरते. १९३७ मध्ये बंगला पूर्ण झाला. पुढच्याच जानेवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर राइट झळकले.

या यशाला एक बोचरी बाजूही आहे. ओढ्यावर अधांतरी झेपावणाऱ्या काँक्रीटच्या सज्ज्यांबद्दल कॉफमन यांच्या अभियंत्यांनी शंका घेतली होती. राइट यांना तो आपल्यावरील अविश्वास वाटला. त्यांच्या अपरोक्ष जादा लोखंड घातले गेले, तरीही साचे काढताच सज्जे झुकू लागले आणि कालांतराने सुमारे सात इंच खचले. अखेर २००२ मध्ये पोलादी तारांचा ताण देऊन त्यांना सावरण्यात आले. त्यासाठी दिवाणखान्यातील दगडी फरशी उचलून पुन्हा बसवावी लागली. दगडाचा स्वभाव अचूक ओळखणाऱ्या राइट यांचा काँक्रीटबाबतचा अंदाज मात्र चुकला होता.

९ एप्रिल १९५९ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी राइट यांचे निधन झाले. १९६३ मध्ये धाकट्या कॉफमन यांनी फॉलिंगवॉटर एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या स्वाधीन केले आणि पुढच्या वर्षापासून ते लोकांना खुले झाले. २०१९ मध्ये युनेस्कोने राइट यांच्या आठ वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत टॅलिएसिन आणि फॉलिंगवॉटर दोन्ही आहेत.

राइट यांचे दफन आजोळच्या खोऱ्यातच झाले होते. १९८५ मध्ये, पत्नीच्या अखेरच्या इच्छेनुसार, त्यांचे अवशेष ॲरिझोनाला हलविण्यात आले. स्वतः राइट त्या खोऱ्यात उरले नाहीत. त्यांनी भिंतींत चढविलेला दगड मात्र, आगीच्या खुणा अंगावर वागवत, आपल्या मातीतच आहे.