दापोडीच्या बागेतील डॉक्टर

मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन करून ठेवलेली आहे. वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेल्या या नौकेचे लाकूड सागाचे. अशी किती जहाजे त्या गोदीतून बाहेर पडली आणि त्यांच्यासाठी मलबारपासून कोकणापर्यंतचे किती डोंगर उघडे पडले, याची फिकीर त्या वेळी फारशी कोणी केली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात साग मिळेनासा झाला, तेव्हा कंपनी सरकार जागे झाले. मुंबई इलाख्यात ही जबाबदारी ज्याच्याकडे आली, तो गृहस्थ जहाजबांधणीतला नव्हता आणि वनखात्यातलाही नव्हता. कारण वनखातेच नव्हते. तो होता देवी टोचणारा डॉक्टर, अलेक्झांडर गिब्सन.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील किनकार्डिनशायर परगण्यात झाला. एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या दोन विद्या एकाच घरात नांदत होत्या. औषधाची मुळी ओळखता येत नाही तो डॉक्टर कसला, अशी सर्वसाधारण समजूत होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन गिब्सन मुंबई इलाख्यात आले आणि १८३६ मध्ये दख्खन व खानदेशातील देवी टोचण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले.

हे काम कचेरीत बसून होणारे नव्हते. गावोगाव फिरणे भाग होते, आणि फिरणाऱ्याला जे दिसते ते कागदावरच्या वसुलीच्या आकड्यांत दिसत नाही. खानदेश आणि औरंगाबाद यांच्यामधील सातमाळा-अजिंठ्याची रांग ही तेव्हा राज्यांचीही सीमा होती. उत्तरेकडे कंपनीचा अंमल, दक्षिणेकडे निजामाचा. याच रांगेत १९८६ साली गौताळा-औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. गिब्सन यांचा अधिकार निजामाच्या मुलखात पोहोचत नव्हता. मात्र सह्याद्रीचा प्रदेश त्यांनी बारकाईने पाहिला.

१८३८ साली पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक झाले. पवनाकाठचा कॅप्टन फोर्ड यांचा बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत सरकारने घेतला होता आणि १८२८ मध्ये तेथे बाग सुरू झाली होती. परदेशी वनस्पती आणून येथील हवेत वाढवायच्या, उपयुक्त ठरलेल्यांची रोपे व बियाणे वाटायचे, हा तिचा हेतू. जुन्नर तालुक्यात हिवरे येथेही सरकारी बाग होती. तेथे औषधी वनस्पती लावून सरकारी दवाखान्यांसाठी औषधे तयार केली जात. डॉक्टर आणि माळी या दोन्ही भूमिकांचे चीज झाले ते या हिवऱ्यात.

तथापि बाग आणि अरण्य यांत मोठे अंतर आहे. बागेतल्या रोपाला माळी असतो, विहीर असते, शेणखत असते. डोंगरावरच्या रोपाला यांपैकी काहीच नसते. याचा प्रत्यय त्याच सुमारास मलबारात येत होता. १८४० नंतरच्या काही वर्षांत निलांबूर येथे कलेक्टर कोनोली यांनी सागाची लागवड आरंभली, तेव्हा सागाचे बी रुजेचना. चाथू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने चिकाटीने प्रयोग करून ते तंत्र बसविले आणि निलांबूरचे सागवन उभे केले. सागाच्या फळाचे कवच इतके टणक असते, की ते आळीपाळीने भिजवून व उन्हात वाळवून मऊ करावे लागते. त्यानंतर गादीवाफ्यावर पेरायचे, वर्षभराने रोपे उपटून मुळाचा व खोडाचा थोडासा भाग ठेवून छाटायची, आणि त्या जड्या पहिल्या पावसात लावायच्या, अशी रीत पुढे रूढ झाली.

प्रत्येक देशी झाडाची तऱ्हा वेगळी. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच निर्जीव होते. ते साठवून ठेवणाऱ्याची फसगत ठरलेली. अंजनाचे सोटमूळ झपाट्याने खोल जाते आणि पिशवीत अडकले की गुंडाळून बसते. नुसती काळी माती भरली तर ती पाणी धरून ठेवते व वाळल्यावर भेगाळते; म्हणून तीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे लागते. रासायनिक खताचा हात सैल सोडला, तर शेंडा फोफावतो, मूळ मात्र दुबळे राहते, आणि रोपवाटिकेत देखणे दिसणारे असे रोप पहिल्या उन्हाळ्यात मान टाकते. छत्रपती संभाजीनगर येथे २०१७ साली प्रादेशिक सेनेची १३६ वी पर्यावरण बटालियन उभी राहिली, तेव्हा मुरमाड, बोडक्या टेकड्यांवर झाडे जगविणाऱ्यांपुढे हेच जुने प्रश्न होते.

गिब्सन यांचा भर लागवडीपेक्षा रक्षणावर होता. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मद्रास इलाख्यात असे खाते निघाले ते १८५६ साली, म्हणजे जवळजवळ दशकभराने. कोकणातील डोंगर उघडे झाल्याने झरे आटतात व खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारला वारंवार कळविले. उष्ण कटिबंधातील जंगलतोडीचे परिणाम तपासण्यासाठी ब्रिटनमधील शास्त्रीय परिषदेने ह्यू क्लेगहॉर्न यांच्याकडे सोपविलेल्या अहवालात, १८५१ साली, गिब्सन यांच्या माहितीचाही आधार होता. वृक्षतोडीचा पाऊसपाण्याशी संबंध जोडणारा हा विचार त्या काळात धाडसाचाच म्हटला पाहिजे. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि रुळांखालच्या लाकडांसाठी जंगलांवर नवी धाड आली.

या रक्षणाला दुसरी बाजू होती. गिब्सन यांनी कुमरी शेतीवर, म्हणजे डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीवर, निर्बंध घालण्याचा आग्रह धरला. ज्यांचे पोट त्या उतारावर होते त्यांना हा बंदोबस्त जाचक वाटला, यात नवल नाही. त्यांच्यानंतरच्या वनखात्याने तर हात आणखी आवळले. कोकणातील शेतकरी भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर रचून जाळतो, हा राब. राखेने जमीन भुसभुशीत होते, तण मरते आणि रोपाला खत मिळते. एका परीने ही घरोघरची रोपवाटिकाच. पण तिच्यासाठी फांद्या जंगलातून येत. १८७८ च्या वन कायद्यानंतर राबाचा प्रश्न इतका पेटला, की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच्या थोडे आधीच महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले होते. भाताचे रोप जगवायचे की सागाचे, या झगड्याची पहिली गाठ गिब्सन यांच्या अमदानीतच पडली होती, आणि तिचा दोष त्यांच्या पदरात काही अंशी तरी घालावाच लागेल.

१८६० मध्ये गिब्सन सेवेतून मुक्त झाले. त्यांचे पद निकोल डॅल्झेल यांच्याकडे गेले. या दोघांनी मिळून लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला, आणि १८६३ मध्ये इलाख्यातील वनांविषयीची गिब्सन यांची पुस्तिका निघाली. हबेनारिया गिब्सनी या आमरीच्या नावात त्यांचे नाव राहिले आहे. १८६५ मध्ये गव्हर्नरांचे निवासस्थान गणेशखिंडीत गेले आणि दापोडीची बाग बंद झाली. १६ जानेवारी १८६७ रोजी स्कॉटलंडमध्ये गिब्सन यांचे निधन झाले.

दापोडीच्या बागेतील वनस्पतींची त्यांनी १८४७ ते १८५० या काळात काढवून घेतलेली सुमारे १७० रंगीत चित्रे एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात सुरक्षित आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पानाची शीर न् शीर टिपणारा तो चित्रकार पोर्तुगीज वळणाचा भारतीय होता, एवढेच कळते; त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही.