कर्मवीर दादासाहेब आणि सरकारची पाळत

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे नावाचे गाव आहे. तेथे १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म झाला. चळवळ त्यांना कर्मवीर दादासाहेब म्हणते. दर जयंतीला आम्ही त्यांच्या काळाराम सत्याग्रहाचा आणि भूमिहीनांच्या लढ्याचा गौरव करतो. परंतु त्यांच्या आयुष्याची एक बाजू आम्ही क्वचितच मांडतो. ज्यांच्या चळवळीवर सरकारी पोलिसांची पाळत होती, तेच दादासाहेब पुढे कायदे करणाऱ्या सभागृहात जाऊन बसले.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला हजारोंची मिरवणूक काळाराम मंदिरावर गेली. सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले, रामनवमीला रथाच्या वेळी दगड पडले, तरी त्यांनी हा लढा वर्षानुवर्षे जागता ठेवला. या काळात सरकार काय करीत होते? मंदिराचे दार त्याने उघडले नाही, पोलिसांची वही मात्र सदैव उघडी ठेवली! सभेला किती माणसे आली, कोण काय बोलले, पुढचा बेत काय, याचे गुप्त अहवाल वर जात होते. देवळात जाण्याचा हक्क मागणारा माणूस सरकारच्या लेखी संशयित होता.

यातील कित्येक कागद महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांच्या खंडात छापले. तेव्हा दादासाहेबांना जाऊन दहा वर्षे उलटून गेली होती. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९३७ साली दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले, पुढे १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९६४ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे त्यांच्या शब्दावर तुरुंगात गेली. मात्र पाळत कोणावर ठेवली आणि कोणाच्या हुकमाने, याचा हिशेब घेणारी समिती त्यांच्या हयातीत कोणत्याही सभागृहाला मिळाली नाही.

बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवलेल्या आपल्या मसुद्यात त्यांनी माणसाचे घर, कागदपत्रे आणि वस्तू यांची गैरवाजवी झडती होऊ नये, हा मूलभूत हक्क मागितला होता. तो अंतिम संविधानात आला नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

अमेरिकेत एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकले. १९७५ साली सिनेटच्या समितीने ते चव्हाट्यावर आणले आणि पुढच्या वर्षी गुप्तचर खात्यांवर लक्ष ठेवणारी कायम समिती नेमली गेली. आमच्याकडे गुप्तचर विभाग १८८७ पासून आहे, पण त्याचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. २०११ साली एका खासदाराने तसे खाजगी विधेयक आणले, ते मंजूर झाले नाही. २००५ च्या माहिती अधिकारातून हा विभाग जवळजवळ पूर्णपणे वगळलेला आहे. फोन टॅपिंगचे आदेश तपासणाऱ्या समितीत सारे सचिवच! म्हणजे हुकूम देणारेही अधिकारी आणि तपासणारेही अधिकारी.

देशाला गुप्तचर नकोत, असे आम्ही म्हणत नाही. २०१९ साली आनंद तेलतुंबडे यांच्या फोनवर पेगॅसस सोडल्याचे उघड झाले, तेव्हा प्रश्न उरला तो एकच, हुकूम कोणाचा? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या समितीला कायद्याने मिळाला पाहिजे. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आमदार-खासदारांनी दादासाहेबांच्या पुतळ्याला हार घालण्यापूर्वी ही मागणी सभागृहात मांडावी. ते मांडत नसतील, तर मते मागायला येतील तेव्हा त्यांना आपण विचारलेच पाहिजे.