येशूच्या बारा शिष्यांत नसलेला पौल ‘प्रेषित’ कसा ठरला?

एखाद्या चळवळीचा संस्थापक गेला की पहिला प्रश्न येतो तो वारसदार कोण याचा. त्याच्यासोबत राहिलेली माणसं म्हणतात, आम्ही त्यांना जवळून पाहिलं, त्यामुळे शब्द आमचा चालणार. मग एक दिवस बाहेरचाच कुणीतरी उभा राहतो आणि सांगतो, मलाही त्यांनीच पाठवलंय.

पहिल्या शतकात येशूच्या अनुयायांमध्ये हेच झालं. हा बाहेरचा माणूस म्हणजे पौल, ज्याला जग सेंट पॉल म्हणून ओळखतं.

आधी ‘प्रेषित’ हा शब्द समजून घेऊ. मूळ ग्रीक शब्द आहे ‘अपोस्तोलोस’, म्हणजे पाठवलेला माणूस. ज्याने पाठवलं त्याच्या वतीने बोलायचा अधिकार त्याला असतो. त्यामुळे प्रेषित कोण हे ठरलं, की शेवटचा शब्द कुणाचा हेही ठरतं.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात याचा एक निकष दिलाय. यहूदा इस्कार्योतची जागा रिकामी झाली तेव्हा येशूसोबत सुरुवातीपासून राहिलेला माणूसच घ्यायचा असं ठरलं. दोन नावं पुढे आली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली.

या निकषात पौल कुठेच बसत नव्हता.

छळ करणाराच प्रचारक झाला

पौल मूळचा तार्ससचा. हे शहर आजच्या तुर्कस्तानात येतं. तो ज्यू होता, त्यातही धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचा. त्याचं ज्यू नाव शौल. येशूच्या अनुयायांचा तो छळ करायचा आणि हे त्याने स्वतःच्या पत्रांत कबूल केलंय. स्तेफनला दगडांनी ठेचून मारलं तेव्हा मारणाऱ्यांनी आपले कपडे शौलाच्या पायाशी ठेवले होते, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतं.

साधारण इ.स. ३३ ते ३६ च्या दरम्यान दमास्कसच्या परिसरात त्याचं आयुष्य फिरलं. पुन्हा जिवंत झालेल्या येशूने आपल्याला दर्शन दिलं आणि ज्यू नसलेल्या लोकांकडे पाठवलं, असा त्याचा दावा होता.

पण दर्शनाला साक्षीदार कुठून आणायचा? कालपर्यंत छळ करणाऱ्यावर आज विश्वास का ठेवायचा?

गंमत म्हणजे पौल अधिकाराचं प्रमाणपत्र मागायला यरुशलेमला धावला नाही. तीन वर्षांनी तो गेला, पेत्राकडे १५ दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब याला भेटला आणि परतला. आपला अधिकार कुणा माणसाकडून आलेला नाही, हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

पेत्राशी भर सभेत भांडण

खरा वाद पेटला तो सुंतेवरून. ज्यू नसलेल्यांनी येशूला मानलं तर त्यांनी आधी सुंता करून ज्यू नियम पाळायचे का? पौल म्हणायचा, गरज नाही. इ.स. ४८-४९ च्या सुमारास यरुशलेमच्या भेटीत पेत्र, याकोब आणि योहान यांनी त्याच्याशी हातमिळवणी केली. पेत्राने ज्यूंमध्ये काम करायचं, पौलाने इतरांमध्ये. सोबत गरिबांची आठवण ठेवायची.

पण अंत्युखियात गाडी अडली. पेत्र तिथे ज्यू नसलेल्यांसोबत एका पंगतीला जेवत होता. याकोबाकडची माणसं आली आणि तो मागे सरकला. पौलाचा जवळचा सहकारी बर्णबाही त्याच्यासोबत गेला. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला सुनावलं.

ही हकिगत आपल्याला पौलाच्याच पत्रातून कळते. पण पेत्राने चूक मान्य केली, असं पौल कुठेही लिहीत नाही. त्यामुळे त्या दिवशी पौल हरला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

पुढे करिंथ शहरातही तेच. तिथे दुसरे प्रचारक शिफारसपत्रं घेऊन आले. पौलाकडे पत्र नव्हतं. वर तो हाताने काम करून पोट भरायचा, म्हणून काहींच्या नजरेत त्याची किंमत कमी झाली. ‘प्रेषितांची कृत्ये’ त्याचा धंदा तंबू बनवण्याचा असल्याचं सांगतं.

यावर पौलाचं उत्तर वेगळंच होतं. माझ्या कामातून उभी राहिलेली मंडळी हेच माझं शिफारसपत्र, असं त्याने कळवलं. सोबत अंगावरच्या माराचा हिशोब दिला. पाच वेळा ३९ फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडफेक, तीन वेळा जहाज फुटलं. अधिकार ओळखीतून नाही, तर सोसण्यातून आणि कामातून दिसतो, हा त्याचा मुद्दा होता.

शेवटी जिंकलं कोण?

गरिबांसाठी जमवलेली मदत घेऊन तो यरुशलेमला गेला आणि तिथेच अटक झाली. रोमन नागरिक म्हणून त्याने थेट सम्राटाकडे दाद मागितली, त्यामुळे त्याला रोमला नेलं. तिथे नीरोच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे.

पण त्याची पत्रं उरली. नव्या कराराच्या २७ पुस्तकांपैकी १३ त्याच्या नावावर आहेत. त्यातली सात नक्की त्याचीच, यावर अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे. येशूची चरित्रं सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधी ही पत्रं लिहिली गेली, असं मानलं जातं.

चर्चने पुढे या वादावर पडदा टाकला. २९ जूनला पेत्र आणि पौल या दोघांचा सण एकत्र साजरा होतो. मात्र पोपचं पद पेत्राच्या वारशाने चालतं, म्हणजे सोबत राहिलेल्याच्या. सुंतेची अट मात्र चर्चच्या मुख्य प्रवाहातून गेली ती कायमचीच. खुर्ची पेत्राच्या नावाने राहिली आणि दार पौलाने उघडलेलं राहिलं.